‘येते हं’ म्हणून आई जाते कुठे? स्वमग्न मुलाशी संवाद जुळवताना

सकाळी साडेआठला मी कामावर निघायचे. चपला घालता घालता सवयीने म्हणायचे, “येते हं सोन्या.” माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. तो दाराशी येऊन बसायचा आणि दार लागलं तरी उठायचा नाही. सासूबाई सांगायच्या, अर्धा-अर्धा तास कडीकडे बघत बसतो, मग जो रडायला लागतो तो आवरत नाही. आम्ही म्हणायचो, आईवेडा आहे.

पाच-सहा महिने असेच गेले. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी रोज ‘येते’ म्हणत होते आणि जात होते. निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, हे आपण कधी शिकतो ते आपल्यालाही आठवत नाही. माझ्या मुलाने मात्र शब्द ऐकला तसाच घेतला होता. आई येतेय म्हणाली, म्हणून तो वाट बघत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी म्हणू लागले, “आई ऑफिसला जाते. संध्याकाळी आई घरी येते.” दारावर दोन फोटो चिकटवले. एकात मी पर्स घेऊन जिना उतरतेय, दुसऱ्यात मी दारात उभी आहे आणि मागे ट्यूबलाइट लागलीय. निघताना पहिल्या फोटोवर बोट, मग दुसऱ्यावर. तिसऱ्या आठवड्यात त्याने दाराशी बसणं सोडलं.

मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. नाशिकला सिडकोत राहणारी, स्वमग्न मुलाची आई आहे. गेल्या आठ वर्षांत थेरपिस्टकडून, इतर पालकांकडून आणि सर्वात जास्त लेकाकडून जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता हा आजार नाही, मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. आईने लक्ष दिलं नाही म्हणून मूल असं झालं, हे कुणी म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका. ते खोटं आहे.

पहिली पायरी: तो आत्ताही काही सांगतोय, ते लिहून काढा

“आमचा बोलतच नाही हो” असं आपण म्हणतो. पण बोलत नाही म्हणजे सांगत नाही, असं नाही. आठवडाभर एक वही ठेवा. पानावर तीन रकाने आखा: त्याच्या आधी काय घडलं, त्याने काय केलं, आणि त्याला काय हवं असेल असं वाटतं. घरातल्या प्रत्येकाने लिहायचं, आजी-आजोबांनीसुद्धा.

आमच्या वहीत पहिल्या आठवड्यात असं होतं: माझं मनगट धरून फ्रिजकडे नेतो (दही हवं). मिक्सर लावायला घेतला की गॅलरीत पळतो (आवाज नको). पाहुणे आले की माझ्या ओढणीत तोंड खुपसतो. आणि एक नोंद कुणालाच उलगडत नव्हती. तो अधूनमधून एका सुरात “ओला कचरा, सुका कचरा” म्हणत फिरायचा. घंटागाडी सकाळी येऊन गेलेली असायची, हा दुपारी चारला म्हणायचा. वहीतल्या वेळा जुळवल्यावर कळलं. सकाळी घंटागाडी आली की आजोबा त्याला घेऊन खाली जायचे. ‘ओला कचरा’ म्हणजे ‘मला खाली जायचंय’.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणत राहण्याला थेरपिस्ट इकोलेलिया म्हणतात. बरेच लोक ते ‘निरर्थक बडबड’ म्हणून बंद करायला जातात. कृपा करून तसं करू नका. त्या वाक्याला त्याच्या लेखी अर्थ असू शकतो, तो शोधायचा. सापडला की त्याला उत्तर द्यायचं आणि सोबत सोपं वाक्य जोडायचं. आम्ही म्हणायचो, “खाली जायचं. चल, खाली जाऊ,” आणि लगेच चपला घालायचो. ‘खाली’ हा शब्द चार महिन्यांनी त्याच्या तोंडून आला.

दुसरी पायरी: परीक्षा घेणं थांबवा

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडतो आणि सगळ्यात अवघडही हीच आहे. आपल्याकडे लहान मुलाशी बोलणं म्हणजे त्याला प्रश्न विचारणं. पाहुणे टेकले की सुरू होतं: काकांना नाव सांग, हा कोणता रंग, नाक कुठंय, मनीमाऊ कशी ओरडते करून दाखव. बोलायला उशीर झालेल्या मुलाच्या बाबतीत तर आपण धास्तावलेले असतो, त्यामुळे हे प्रश्न दुपटीने वाढतात. त्याला येत नसलेली गोष्ट दिवसातून शंभरदा विचारली जाते. मग तो आपल्याला टाळू लागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

एक संध्याकाळ मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. दहा मिनिटं पुरे. मी केलं तेव्हा दहा मिनिटांत एकतीस प्रश्न आणि चौदा हुकूम निघाले. नुसतं सांगणं, म्हणजे त्याला काही करावं लागणार नाही असं वाक्य, फक्त दोनदा.

प्रश्नाऐवजी सांगा. तो गाडी फिरवतोय, तर “हे काय आहे?” ऐवजी “गाडी. गाडी पळाली.” पुढचं वाक्य लगेच नको. तो उत्तर देणार नाही आणि द्यायलाही नको. ज्या मुलाला एक शब्द येतो त्याच्याशी एक-दोन शब्दांत बोला, दोन शब्द जोडणाऱ्याशी तीनात. लांबलचक वाक्यातून कामाचा शब्द वेचणं त्याला जड जातं.

इथे मराठीची एक अडचण आहे, जी थेरपीच्या इंग्रजी पुस्तकांत सापडायची नाही. आपल्या क्रियापदाला लिंग चिकटलेलं असतं. दिवसभर आईचं बोलणं ऐकणारा मुलगा “मी जेवते”, “मी पडले” म्हणतो. आणि ‘मी’ व ‘तू’ बोलणाऱ्याप्रमाणे बदलतात, हे तर या मुलांना फारच निसरडं वाटतं. माझा मुलगा तहान लागली की “तुला पाणी हवंय?” म्हणायचा, कारण पाणी मिळण्याआधी त्याने तेच ऐकलेलं असायचं. हसू नका, आणि “‘तुला’ नाही, ‘मला’ म्हण” असं घोकून घेऊ नका. त्याच्या जागी उभं राहून त्याचं वाक्य तुम्ही बोला: “मला पाणी हवंय.” आणि पाणी द्या. त्याने परत म्हणायची वाट बघायची नाही. ‘मी जेवतो, मी आलो’ ही वाक्यं आमच्याकडे बाबा जाणूनबुजून बोलू लागले, जेवायला बसताना, दारातून आत येताना. ती हळूहळू रुळली.

तिसरी पायरी: जमिनीवर बसा

खेळात त्याला आपल्याकडे ओढण्याआधी आपण त्याच्याकडे जायचं.

माझा मुलगा स्वयंपाकघराच्या फरशीवर डब्यांची स्टीलची झाकणं फिरवत बसायचा. झाकण कडेवर उभं करायचं, दोन बोटांनी गिरकी द्यायची आणि गाल फरशीला लावून बघत राहायचं. मी झाकणं उचलून वर ठेवायचे, कारण ‘असे खेळ करू देऊ नका’ असं मला सांगितलं होतं. तो भिंतीवर डोकं आपटायचा. एका दुपारी मी थकून त्याच्याशेजारी आडवी झाले, फरशीला गाल लावला आणि दुसरं झाकण फिरवलं. तिथून काय दिसतं ते मला पहिल्यांदा कळलं. खिडकीचा उजेड झाकणाच्या कडेवरून पळत असतो. झाकण खाली येऊ लागलं की आवाज बारीक होतो, घाईघाईचा होतो, आणि एका क्षणी सगळं गप्प. तो त्या गप्प होण्याची वाट बघत असायचा.

मी काही बोलले नाही. त्याने फिरवलं की मी फिरवायचे. चौथ्या दिवशी माझं झाकण कपाटाखाली गेलं, तर त्याने स्वतःचं झाकण माझ्याकडे सरकवलं. माझ्याकडे बघितलं नाही, फक्त सरकवलं. वहीत मी त्या दिवसाला चौकट केली आहे.

करायचं असं: तो ज्या वस्तूशी खेळतो तशीच दुसरी वस्तू घ्या, त्याची घेऊ नका. त्याच्या समोर किंवा बाजूला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. तो करतो तसं करा, आवाज काढला तर तोही काढा. रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, टीव्ही बंद करून. या दहा मिनिटांत शिकवायचं काहीही नाही. “माझ्याकडे बघ” म्हणून हनुवटी धरून तोंड फिरवायचं नाही. डोळ्यांत बघणं अनेक स्वमग्न माणसांना त्रासदायक असतं. मोठेपणी बोलू-लिहू लागलेल्यांनीच हे सांगून ठेवलं आहे. काहींना नजर दुसरीकडे असतानाच नीट ऐकू येतं.

चौथी पायरी: थांबा

बोललेलं आत पोहोचायला, उत्तर जुळायला या मुलांना वेळ लागतो. आपण दोन सेकंदांत तेच पुन्हा म्हणतो, मग जोरात म्हणतो, आणि त्याचं सगळं पहिल्यापासून सुरू होतं. एकदा बोला आणि मनात सावकाश दहा अंक मोजा. सुरुवातीला ते दहा अंक फार लांब वाटतात.

थांबण्याचा सराव खेळात सगळ्यात छान होतो. आमच्याकडे गोधडीचा झोका असतो. तो गोधडीत झोपतो, मी आणि बाबा दोन-दोन टोकं धरतो. “एक… दोन…” आणि गप्प. आधी काही दिवस आम्हीच ‘तीन’ म्हणून झुलवलं. खेळ ओळखीचा झाल्यावर ‘दोन’नंतर थांबलो. त्याने पाय हलवले, ते उत्तर धरलं आणि झुलवलं. पुढे हात हलवला, मग “ती” म्हणाला. काहीही केलं तरी झोका मिळायचा.

मिळायचा, यावर मी जोर देते. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं होतं की तोंडाने मागितल्याशिवाय खाऊ द्यायचाच नाही, म्हणजे झक मारून बोलेल. आम्ही पंधरा दिवस ते केलं. मुलगा बोलला तर नाहीच, स्वयंपाकघरात यायचाही बंद झाला. त्या पंधरा दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

पाचवी पायरी: हातात चित्र द्या

चित्रं दिली तर मूल बोलायचं राहील, ही भीती जवळपास प्रत्येक आईबापाला असते. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं वाढतं. बोलायला लागेपर्यंत मुलाला मुकं ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

चित्र देऊन मागण्याची एक पद्धत अमेरिकेत १९८५च्या सुमारास तयार झाली. तिला पेक्स म्हणतात. तिची पहिली पायरी घरी करता येते, पण दोन मोठी माणसं लागतात. त्याला मनापासून आवडणारी एकच वस्तू निवडा. आम्ही द्राक्षं घेतली, फेब्रुवारी होता आणि घरात पेटी होती. त्या वस्तूचा फोटो घ्या. त्याच्याच वाटीत, त्याच्याच ओळखीची द्राक्षं, नेटवरचं चित्र नको. फोटो स्टुडिओतून प्रिंट काढून लॅमिनेट करा. एक जण समोर बसून द्राक्षं दाखवतो, कार्ड मध्ये ठेवलेलं असतं. मुलाचा हात द्राक्षांकडे जातो. मागे बसलेला दुसरा काही न बोलता त्याचा हात कार्डाकडे वळवतो, उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेववतो. त्याच क्षणी समोरचा म्हणतो “द्राक्षं!” आणि एक द्राक्ष देतो. “काय पाहिजे?” विचारायचं नाही, “कार्ड दे” म्हणायचं नाही, कारण मग तो विचारल्याशिवाय मागायला शिकत नाही. मागच्याने मदत हळूहळू कमी करायची. द्राक्षं एकेकच द्या, म्हणजे मागायला पुन्हा संधी मिळते. (लहान मुलाला द्राक्ष उभं चिरून द्या, घशात अडकतं.)

पुढे कार्डं वाढतात. सगळी खाण्याची नकोत. माझ्या अनुभवात सर्वात मोलाचं कार्ड ‘नको’चं आहे, त्यानंतर ‘मदत’, ‘आणखी’, ‘झालं’ आणि ‘थांब’. त्याने ‘नको’ दाखवलं आणि तरीही आपण घास कोंबला, तर ते कार्ड मेलं असं समजा. औषधासारखी टाळता न येणारी गोष्ट असेल तर “नको म्हणालास. कळलं. औषध घ्यायचंच आहे. एक चमचा, मग झालं,” एवढं तरी त्याला ऐकू द्या.

कार्डांसोबत फोनही चालतो. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं मोफत अ‍ॅप मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते शब्द बोलतं. फक्त तो फोन किंवा टॅब बोलण्यासाठी राखून ठेवा, त्याच्यावर कार्टून नकोत.

घरात कोणती भाषा बोलायची, हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो. इंग्रजी शाळेत घालायचंय म्हणून घरीही इंग्रजीच बोला, असा सल्ला अजूनही मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, झोपेत बडबडता, तीच बोला. अडखळत्या इंग्रजीत आजी नातवाशी बोलणारच नाही. एक बोलकं माणूस त्याच्या आयुष्यातून कमी होईल.

सहावी पायरी: शब्द खरे ठेवा

‘येते हं’सारखे सापळे आपल्या बोलण्यात पावलोपावली आहेत. “डोकं खाऊ नकोस” म्हटल्यावर तो माझ्या डोक्याकडे घाबरून बघत होता. “पाच मिनिटांत जाऊ” म्हणजे आपल्याला कधीतरी, त्याला पाच मिनिटं. घड्याळ लावा, किंवा वेळ सांगू नका. “पळू नको”मध्ये त्याला ‘पळ’ ऐकू येतं, म्हणून “हळू चाल” म्हणा. “येतोस का आंघोळीला?” हा प्रश्न आहे. तो ‘नको’ म्हणाला तर ऐकावं लागेल. पर्याय नसेल तिथे सरळ सांगा: “आता आंघोळ.”

दोन खणांची एक पाटी करा, आधी आणि मग. आधी दात घासायचे, मग झोका. चित्रं बदलत राहायची. ‘मग’च्या खणात जे लावलं ते झालंच पाहिजे.

सातवी पायरी: गोंगाटात बोलू नका

गणपतीच्या महिना-दीड महिना आधी आमच्याकडे ढोल पथकांचा सराव सुरू होतो. नाशिक ढोलाचा आम्हा सगळ्यांना अभिमान, पण माझ्या मुलाला तो आवाज अंगावर मारल्यासारखा लागतो. पहिल्या वर्षी तो रस्त्यात आडवा पडून किंचाळत होता आणि भोवती माणसं जमली होती. कुणी म्हणालं, दोन द्या ठेवून.

हट्ट आणि असा उद्रेक यांत फरक असतो. हट्ट करणारं मूल आपल्याकडे बघत असतं, हवं ते मिळालं की थांबतं. उद्रेकात मुलाचा स्वतःवर ताबा राहिलेला नसतो, काही दिलं तरी थांबत नाही. तेव्हा समजावणं, प्रश्न, धमक्या सगळं बंद. आवाज आणि उजेडापासून दूर न्या, लागेल असं काही आसपास असेल तर बाजूला करा, आणि गप्प जवळ बसा. काहींना घट्ट मिठी हवी असते, काहींना स्पर्श अजिबात नको असतो. ते शांत वेळी ओळखून ठेवायचं. थेरपीचं, शिकवण्याचं काही त्या दिवशी नकोच.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांत प्रेसवर काम करताना कानांवर लावतात ते इअरमफ बाबांनी सेफ्टीच्या दुकानातून आणले. ते आधी घरी, मिक्सर लावताना, मग जिन्यात, मग रस्त्यावर घातले. आता ढोलाचा आवाज आला की तो स्वतः खुंटीवरून काढतो.

घरच्यांना, शेजाऱ्यांना कसं सांगायचं

लेक्चर देऊ नका, एक कागद द्या. आमच्या कागदावर पाच ओळी आहेत: ‘मला हाक मारण्याआधी माझ्यासमोर या. छोटं बोला. उत्तराला वेळ द्या. मला उचलू नका, गाल ओढू नका. मी बघत नसलो तरी ऐकतोय.’ शेवटची ओळ आजोबांनी घातली. त्याच्यासमोर त्याच्याविषयी “याला काही कळत नाही” असं कुणी बोललं, की ते त्या ओळीवर बोट ठेवतात.

तपासणी आणि कागदपत्रं, थोडक्यात

बारा महिन्यांपर्यंत नावाला ओ देत नाही, दीड वर्षापर्यंत बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात गेले, तर “मुलगे उशिरा बोलतात” म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि ऐकण्याची तपासणी जरूर करून घ्या. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढता येतं. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा काही खर्चही मिळतो.

नव्या जागी जाताना

२०२७च्या सिंहस्थात पंचवटीकडची गर्दी, बंद रस्ते, भोंगे यांतून नाशिकचं कुठलंही घर सुटणार नाही. आम्ही आतापासून तयारी करतोय. त्याच्या प्रत्येक शर्टच्या खिशात एक कार्ड असतं: ‘मी स्वमग्न आहे. मला बोलायला वेळ लागतो. माझ्या आईला फोन करा,’ आणि नंबर. नव्या जागी पहिल्यांदा जायचं ते गर्दी नसताना, थोड्या वेळासाठी. आधी त्या जागेचे फोटो दाखवायचे, कसं जायचं, किती वेळ बसायचं, परत कधी यायचं ते सांगायचं.

गेल्या रविवारी सकाळी सहाला आम्ही गोदाघाटावर गेलो. दहा मिनिटं बसायचं, मग घरी, असं पाटीवर लावलं होतं. तो पायरीवर बसून पाण्यात खडे टाकत होता. घड्याळ वाजल्यावर मी उठले, तर त्याने गळ्यातल्या रिंगमधली कार्डं चाळली आणि एक काढून माझ्या हातात ठेवलं. ‘आणखी’. आम्ही आणखी वीस मिनिटं बसलो.